बाणाचा झोक

"हात नोको लावू त्याले!"

आई देवघरासमोरून ओरडली आणि पुढे गेलेला माझा हात तिथंच थांबला. पाटावर लाल कापड अंथरलं होतं. त्यावर बाबांचा डेपोतला पाना, घरातला विळा, माझं बांबूचं धनुष्य आणि ओळीनं मांडलेले माझे बाण. खंडेनवमीची पूजा नुकतीच झाली होती. प्रत्येक बाणाच्या टोकाला आईनं हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं.

"एकदा बोटावर धरून पाहतो फक्त," मी म्हटलं. "परवा चाचनी आहे व आई."

"चाचनी असो नाही तं अजून काही असो. पुजेतलं हत्यार उद्या सीमोल्लंघन होईपर्यंत हलवत नसतात. देव पावला पाहिजे न तुले?"

नरेशदादा उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होता. त्यानं मान वर केली.

"मी पाह्यले न सगळे दुपारी. टोपनं ढिली झाली होती, दुकानात नेऊन पक्की बसवली. एकेक बोटावर धरला. तू कायले जीवाले लावून घेऊन रायली?"

दादानं पाहिलं म्हणजे विषय संपला. मी हात मागे घेतला, त्याच्या ताटलीतल्या मूठभर शेंगा उचलल्या आणि त्याच्याच शेजारी उंबऱ्यावर बसले. इतकी मी मूर्ख होते. किंवा मूर्ख नव्हते म्हणा, बहीण होते.

हातात धनुष्य मला त्यानंच दिलं. त्याच्या आधी आमच्या गावात बाण मारणारा कोणी नव्हता. शाळेत ढोमणे सर आले, त्यांनी मैदानाच्या कोपऱ्यात गवताचं निशाण उभं केलं आणि पहिला जो पोरगा धावत गेला तो आमचा नरेश. दोन वर्षं त्यानं वेड्यासारखं धनुष्य ओढलं. मग राज्याच्या धनुर्विद्या केंद्रासाठी निवड चाचणी झाली आणि तो थोडक्यात राहिला. त्यानंतर खांदा दुखतो म्हणू लागला आणि शहरातल्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. धनुष्य माझ्याकडे आलं. बाण मात्र त्याच्याच हाती राहिले. बांबूची कामटी घासायची, मागे पिसं चिकटवायची, पुढे पितळी टोपण बसवायचं, हे सगळं तो करायचा. मी फक्त मारायचे.

बाण बोटावर तोलायला त्यानंच शिकवलं होतं. उजव्या हाताची तर्जनी आडवी धरायची, बाण तिच्यावर ठेवायचा आणि तो कुठं न झुकता ठरतो ते पाहायचं.

"हा झोक," तो म्हणायचा. "हा मधोमध नसतो, मधाच्या थोडा पुढं पाहिजे. लय पुढं गेला तं लांबच्या अंतराले बान नाक खाली घालते. लय मागं आला तं हवेत शेपूट हलवत जाते. आन आयक, सगळ्या बानांचा झोक एकाच ठिकानी पाहिजे. बान सारखे असले तं चूक कोनाची ते कळते. मंग चूक तुहीच."

जिथं बाण तोलला जायचा तिथं मी माझ्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचे. सगळे बाण शेजारी शेजारी ठेवले की ठिपक्यांची सरळ ओळ दिसायची. दादा कौतुकानं हसायचा. "पोट्टीनं बानालेही नटवलं," म्हणायचा.

दसऱ्याच्या संध्याकाळी वडगावचे मोहोड सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात, आणि पोटात भलतंच. मोहोडांचा पोरगा विलास माझ्यासाठी आणि त्यांची पोरगी दुर्गा दादासाठी, असं साटंलोटं त्यांच्या मनात होतं. आमच्याकडे ते चालतं. पोरगी द्यायची, पोरगी घ्यायची, दोन्ही लग्नं एकाच मांडवात. खर्चही वाचतो आणि दोन्ही घरं एकमेकांना धरून राहतात, असं म्हणतात. एका घरात सुनेला त्रास झाला की दुसऱ्या घरातली सून रडते, हे मात्र कोणी म्हणत नाही.

बाबांनी पाहुण्यांसमोर सरळ सांगितलं. बाबा डेपोत मेकॅनिक होते, बोलणंही तसंच, घट्ट पिळलेलं.

"पोरीची चाचनी आहे उद्या. निवड झाली तं ती केंद्रावर जाईन, तिथंच राहीन, शिकीन. मंग दोन-चार वर्षं लग्नाचं नाव नाही. निवड नाही झाली तं तुळशीचं लग्न झालं की बार उडवून देऊ."

"आन नरेशचं?" मोहोड म्हणाले.

"ते एकट्याचं कसं होईन? तुम्हालेच साटं पाहिजे न."

मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होते. केंद्र म्हणजे काय असतं ते मी फक्त ढोमणे सरांच्या तोंडून ऐकलं होतं. वसतिगृह, रोज सकाळी सराव, कॉलेज. तिथून पोरी पोलिसात लागतात, रेल्वेत लागतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींच्या कडेवर तेव्हा पोरं होती. मला ते नको होतं, बस्स. विलास मोहोड चांगला आहे की वाईट, काळा आहे की गोरा, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

तेवढ्यात दादा बोलला. सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात.

"माह्यासाठी तिचं वाटोळं करू नोका बाबा. मले नाही केलं लग्न तरी चालते. सुचीची निवड झालीच पाहिजे."

मोहोडांचं तोंड उतरलं. बाबा खाकरले. मी दारामागे पदर नव्हता म्हणून ओढणीनं डोळे पुसले. असा भाऊ कोणाला मिळतो, असं मनात आलं. गावभर सोनं वाटायला निघाले तेव्हा प्रत्येक घरी मी हेच सांगत होते, आमच्या दादानं असं म्हटलं, तसं म्हटलं. परत आले तोवर त्यानं बाण प्लॅस्टिकच्या नळकांड्यात भरून ठेवले होते आणि आईनं झाकणावर पूजेचा दोरा गुंडाळून पक्की गाठ मारली होती.

"मैदानावरच सोड," आई म्हणाली. "तोवर देवाचा हात त्याच्यावर राहू दे."

सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही दोघं जिल्ह्याला गेलो. मैदानावर पोरींची गर्दी होती. त्यातल्या दोघीच जाणार होत्या. एक जागा मोनालीची, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. ती पोरगी दगडासारखी उभी राहून मारायची. दुसरी जागा माझी, असं ढोमणे सर म्हणायचे. कोणाला सांगू नको, असंही म्हणायचे, आणि स्वतः सगळ्यांना सांगायचे.

मी गाठ सोडली. हळदीकुंकू वाळून टोपणांना चिकटलं होतं. ते पुसावंसं वाटलं नाही. बाण भात्यात टाकले आणि ओळीत जाऊन उभी राहिले.

आधी तीस मीटर. काय सुंदर मारलं मी त्या सकाळी! बाण थोडे वरखाली जात होते, पण जात होते निशाणाच्या मधल्या पिवळ्यातच, फार तर लालात. आमच्या धनुष्यांना दुर्बीण नाही की काटा नाही, नुसत्या डोळ्यानं आणि हाताच्या सवयीनं नेम धरायचा. माझा हात त्या दिवशी कधी नव्हे इतका खरा होता. तीस मीटर संपले तेव्हा मी मोनालीच्या पुढे होते. सर धावत आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून धावतच परत गेले. त्यांना भीती होती, जास्त बोललं तर माझं डोकं फिरेल.

दादा दोरीपलीकडे उभा होता. मी हात हलवला. त्यानंही हलवला.

"पान्याले जाऊन येतो," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. मला वाटलं, माझीच काळजी लागली याला.

मग पन्नास मीटर.

पहिला बाण सुटला आणि निशाणाच्या पायथ्याला, गवताच्या खालच्या कडेत जाऊन रुतला. मी चमकले. हात सैल सुटला असेल म्हटलं. दुसऱ्याला थोडं वर धरलं. तो निशाणावरून उडून मागच्या मातीच्या बांधात गेला. मागे उभ्या असलेल्या कोणीतरी "अरे बाप्पा!" म्हटलेलं मला ऐकू आलं.

तिसऱ्याला खाली आणला. तो पुन्हा खालीच पडला.

"हात बदलू नकोस," सर मागून म्हणाले. "सुचिता, ऐक. नेम एकाच जागी धर. बाण जातो तिकडं जाऊ दे, तू बदलू नकोस."

मी नेम एकाच जागी धरला. देवाशपथ सांगते, सुईच्या टोकाइतका हलू दिला नाही. एक बाण पिवळ्यात बसला. पुढचा तसाच धरला, तसाच ओढला, तसाच सोडला, आणि तो खाली पडला. त्याच्या पुढचाही. मग एक बरा. मग परत एक खाली. माझ्या कपाळावर घाम आला, डोळ्यांत गेला, चुरचुरायला लागला. सारखे बाण, सारखा नेम, सारखी ओढ. मग चूक कोणाची? मला शिकवलेलं होतं न, मग चूक तुहीच. मीच हलतेय. माझंच मन भित्रं आहे. मलाच जायचं नाहीये का केंद्रावर? असं वाट्टेल ते डोक्यात यायला लागलं.

"मन शांत ठेव व सुचे!" दादा दोरीपलीकडून ओरडला. "घाबरू नोको!"

हे त्याचं ओरडणं मी आजही विसरले नाही. बाकी सगळं विसरेन.

शेवटच्या फेऱ्यांना मी दर बाणाला नेम बदलायला लागले. मग चांगले बाणही वाया गेले. मारणं संपलं तेव्हा मी कुठल्या कुठं फेकली गेले होते. सरांनी धनुष्य माझ्या हातातून घेतलं, दोरी उतरवली आणि परत दिलं.

निकाल सांगायला वेळ होता. मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या होत्या, तिथं जाऊन बसले. दादा चहा आणायला गेला. भाता मांडीवर होता. काही करायला नव्हतं, म्हणून एक बाण काढला आणि सवयीनं बोटावर ठेवला. लाल ठिपका बरोबर बोटावर आणला. बाण सरळ राहिला.

दुसरा काढला. ठिपका बोटावर आणला, आणि धरलेला दुसरा हात बाजूला केला.

टोकानं खाली मान घातली. बाण सरकला आणि पायरीवर पडला.

मी तो उचलून परत ठेवला. परत पडला. बोट ठिपक्यापासून पुढं, पुढं सरकवत नेलं तेव्हा कुठं बाण तोलला गेला. बोटभर अंतर पुढं. तिसरा बाण बरोबर होता. चौथा पुन्हा टोकाकडे झुकला. जे बाण खाली पडले होते त्यांच्या टोपणांना गवताचा चिकट रस आणि चिखल लागलेला होता, ते ओळखू येत होते. एकेक करून सगळे पाहिले. अर्धे असे, अर्धे तसे. ठिपके मात्र सगळ्यांचे एकाच ओळीत होते.

सगळे बाण जड असते तर मी दोन बाणांत हात सुधारला असता, कोणतीही पोरगी सुधारेल. पण एक जड, एक हलका, एक जड, असं असलं की माणूस बाणाला नाही, स्वतःला दोष देतो. हे ज्याला माहीत असेल तोच असं करणार. आणि बाण तोलायची ही गोष्ट आमच्या सगळ्या पंचक्रोशीत दोनच माणसांना इतकी नीट माहीत होती. त्यातली एक मी होते.

मी जड बाणाचं टोपण पायरीच्या कडेवर आपटलं. टोपण चिकटवलेली लाख सुटली, टोपण निघालं. आतून करड्या रंगाचे, मऊ तारेचे बारीक तुकडे माझ्या ओढणीत पडले. सोल्डरची तार. टीव्हीच्या आतले जोड पक्के करायला वितळवतात ती. आमच्या घरात ती दादाच्या शर्टाच्या खिशात असायची. कपडे धुताना आई रोज त्याला त्यावरून बोलायची.

तो चहाचे दोन ग्लास घेऊन पायऱ्या चढत आला. माझ्या ओढणीकडे पाहिलं आणि थांबला.

"धर," मी बाण पुढे केला. "बोटावर धरून दाखव मले."

त्यानं हातातले ग्लास खाली ठेवले नाहीत.

"धर न रे. तू पाह्यला होता न एकेक? नवमीच्या दुपारी?"

"इथं नोको, सुचे. लोक पाहून रायले."

"पाहू दे! काहून केलं तू हे? मी काय बिघडवलं होतं तुह्यं?" माझा आवाज फाटला. दोन-तीन पोरी वळून पाहायला लागल्या.

तो माझ्या बाजूला बसला. चहा त्याच्या बोटांवर सांडत होता, त्याला भान नव्हतं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला,

"दुर्गाले दिवस गेले."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"तुहे?"

त्यानं मान हलवली. "तिसरा महिना लागला. तिच्या घरी कोनाले मालूम नाही. तू केंद्रावर गेली तं तिचा बाप मले पोरगी देत नाही, साट्याशिवाय नाहीच म्हनते. दोन-चार वर्षं थांबता येते काय आता? ती विहिरीत जीव दीन, सुचे. मले म्हने, मी जीव देतो. मी काय करू? सांग न मी काय करू!"

"मंग काल सगळ्यायसमोर तसा काहून बोलला? वाटोळं करू नोका म्हने!"

"कोनाले संशय नको याले म्हनून."

रडत होता तो. पुरुषासारखा पुरुष, पायरीवर बसून रडत होता. मी त्याला कधीच रडताना पाहिलं नव्हतं. त्याची स्वतःची निवड हुकली तेव्हाही तो रडला नव्हता.

"तुह्या पाया पडतो," तो म्हणाला. "कोनाले सांगू नोको."

तेवढ्यात ढोमणे सर समोर आले. त्यांची नजर सुटलेल्या टोपणावर गेली, मग माझ्या तोंडावर, मग दादावर. सर भोळे होते, पण आंधळे नव्हते.

"काय गं, बाणात काही आहे का?" त्यांनी विचारलं. "सुचिता, नीट सांग. निकाल जाहीर व्हायच्या आत हरकत घेतली तर पंच बाण तपासतील. मी बोलतो त्यांच्याशी. पन्नास मीटर पुन्हा मारायला देतील. माझे बाण देतो तुला. बोल."

मी दादाकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. त्याचा हात माझ्या चपलेजवळ होता.

एक पोरगी माझ्या डोळ्यांसमोर आली. मी तिला एकदाच, लग्नाच्या एका पंगतीत वाढताना पाहिलं होतं. बुटकी, गोरटी, हसरी. ती मला विहिरीच्या काठावर उभी दिसायला लागली. तिच्या पोटात आमच्या घरचं पोर.

"नाही सर," मी म्हटलं. "टोपन आत्ता आपटून निघालं. माह्याच हात हलला."

सर परत गेले. भोंग्यावरून मोनालीचं नाव आलं आणि दुसरं कोणा परतवाड्याच्या पोरीचं. मी सोल्डरचे तुकडे ओढणीतून झटकले. परतीच्या गाडीत दादानं मला खिडकीजवळची जागा दिली.

तुळशीचं लग्न झालं आणि आमचे बार उडाले. एकाच मांडवात. मंगलाष्टकं सुरू असताना माझं लक्ष दुर्गाच्या पोटाकडे होतं. हिरव्या शालूत काही कळत नव्हतं. मी मनात म्हणत होते, बाई, तुझं सुखरूप होऊ दे, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे.

तिला पहिलं मूल झालं लग्नानंतर तिसऱ्या वर्षी.

मी कोणाला काही विचारलं नाही. कसं विचारणार? ती माझी वहिनी, मीही तिची वहिनी, दोघी एकमेकींना वहिनीच म्हणतो आणि लोक हसतात. पोटातलं राहिलं नसेल, असं मी धरून चालले. लपवूनछपवून काहीतरी झालं असेल, पडलं असेल बिचारीचं, कोणाजवळ बोलूही शकली नसेल. तिच्या वाटची ती दुःखं मी मनानं किती वेळा भोगली. मोनालीचा फोटो पेपरात आला, गळ्यात पदक, त्या दिवशी मी शेतातून तुरीचा भारा घेऊन आले होते. तो पेपर चुलीत घालताना मी स्वतःला सांगितलं, सुचिता, तुझ्यामुळं एका बाईचा जीव वाचला. एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली. नवरा वाईट नाही माझा. पण चांगल्या नवऱ्यासाठी मी धनुष्य सोडलं नव्हतं.

माझी लेक गार्गी बाण मारायला लागली ते मी शिकवलं म्हणून नाही. तिच्या शाळेत हा खेळ आला, तिनं नाव दिलं, मला नंतर कळलं. मागच्या वर्षी तिची जिल्ह्यासाठी निवड झाली. दिवाळी तोंडावर होती. भाऊबीजेला दादा आणि दुर्गावहिनी आमच्याकडे येतात. आमच्याकडे एकाच घरात दोन भाऊबिजा होतात. वहिनी तिच्या भावाला ओवाळते, मी माझ्या भावाला.

वहिनीनं विलासला ओवाळलं. मग दादा पाटावर बसला. केस पिकले आहेत त्याचे आता. मी ताट घेऊन समोर आले तशी त्यानं पाठीमागून कापडात गुंडाळलेली एक लांब जुडी काढली.

"भाचीसाठी," तो म्हणाला. "मी सोता केले. लय वर्षांनी हात लावला कामाले."

गार्गीनं कापड सोडलं आणि किंचाळलीच. नवे बाण होते. पितळी टोपणं चकचकीत, पिसं एकसारखी कापलेली.

"मामा! कसले भारी आहेत!"

"तुह्या मामाले हेच येते," दुर्गावहिनी हसत म्हणाली. "घरात बाकी एक काम करत नाहीत. दिवाळीआधी रोज तेच चाललं होतं. मी म्हटलं, मले कधी एक फूल नाही आनलं तुम्ही, भाचीसाठी बरं सुचते."

"लग्नाआधी आनलं असेल की मामी," गार्गी डोळे मिचकावून म्हणाली. आजकालच्या पोरी, यांना काही लाज नाही. "लपूनछपून भेटायचे का तुम्ही?"

"अव कशाचं भेटनं! आमच्या बाबानं पाय मोडले असते. मी तं ह्यायले पहिल्यांदा पाह्यलं ते अंतरपाट खाली आला तवा. नुसतं फोटोवर हो म्हटलं होतं मी. म्हटलं, आता कसं निघते कोनास ठाऊक!"

ती हसली, विलास हसला, गार्गी हसली.

माझ्या हातातल्या ताटातली सुपारी घरंगळून खाली पडली. दादानं ती उचलली नाही. तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याला माहीत होतं की आता मलाही माहीत आहे.

म्हणजे पोर नव्हतं. विहीर नव्हती. अंतरपाट पडेपर्यंत या बाईनं याचं तोंड पाहिलं नव्हतं. याला दुर्गा हवी होती असंही नव्हतं. जिथं याला जाता आलं नाही तिथं मी जायला नको होते, एवढंच होतं. एवढंसंच. आणि त्यासाठी यानं एका पोरीच्या पोटात नसलेलं पोर घातलं आणि ते मला इतकी वर्षं वागवायला लावलं.

मी ताट खाली ठेवलं. जुडीतला एक बाण घेतला, तर्जनी आडवी धरली आणि बाण तिच्यावर ठेवला.

"आई, काय करतेस?" गार्गी म्हणाली.

मी गार्गीच्या टेबलावरचा पेन घेऊन जिथं बाण तोलला तिथं खूण केली. दुसरा घेतला, खूण केली. तिसरा घेतला. विलास म्हणाला, "अव, ओवाळ तं आधी, निरांजन विझून जाईन." मी एकेक बाण तोलत राहिले. दादा पाटावर हात जोडल्यासारखे मांडीत ठेवून बसला होता.

सगळे बाण झाल्यावर मी ते फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. खुणांची एक सरळ ओळ उमटली. मधाच्या थोडी पुढं, जिथं असायला हवी बरोब्बर तिथं. एकही बाण केसभर इकडेतिकडे नव्हता.

खोटे निघाले असते तर मला इतकं लागलं नसतं.

"बरोबर आहेत न, आई?" गार्गीनं विचारलं.

"एकदम बरोबर," मी म्हटलं. "तुझ्या मामाइतके नीट बाण कोणाला लावता येत नाहीत. त्याला ते कधीही येत होतं."

मी बाण कापडात गुंडाळून पोरीच्या हातात दिले. तिचा काय दोष, आणि बाणांचा तरी काय? ताट उचललं, निरांजनावर फुंकर घातली आणि देवघराकडे वळले.

"अव वहिनी," दुर्गावहिनी मागून म्हणाली, "ह्यायले टिळा राह्यला न!"

"राहू दे," मी म्हटलं.